कोल्हापूरने वाट पाहिलेली डॉक्टरीणबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक भगिनींनी मला सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून शाळेच्या पुस्तकांतून मुली त्यांची माहिती वाचतात. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही निघाला. परंतु आपल्या कोल्हापूरशी त्यांचा किती निकटचा संबंध होता, हे आपल्यापैकी थोड्या जणींना ठाऊक असेल. शिवाय गरोदर बाईने कोणाला दाखवावे, सुईणीला, वैद्याला की डॉक्टरला, हा जो प्रश्न आपल्या गडमुडशिंगीच्या घराघरांतून अजूनही निघतो, तो या बाईंच्या साऱ्या आयुष्याच्या मुळाशी होता. म्हणून त्यांची कथा आपण आपल्या अंगाने वाचावी, असे मला वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका जोशी घराण्यात झाला. घराणे एके काळचे जमीनदारांचे, पण त्या वेळी परिस्थिती उतरलेली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते पोस्टात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. त्या काळाला हे सारे धरूनच होते. धरून नव्हती ती एकच गोष्ट : गोपाळरावांना बायको शिकलेली हवी होती. लग्नानंतर त्यांनी यमूची आनंदी केली आणि तिला स्वतः शिकवू लागले.

गोपाळरावांविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जाते आणि दोन्हीही खरे आहे. बायकोला शिकवण्यासाठी त्यांनी जनापवाद सोसला, बदल्या मागून घेतल्या, तिला एकटीला सातासमुद्रापार धाडले. पण स्वभाव विक्षिप्त आणि तापट. अभ्यासात कुचराई झाली की लहानग्या आनंदीला मारही बसे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांतून आनंदीबाईंनी हे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच पत्रांतून नवऱ्याचे उपकारही मानले आहेत. चरित्र लिहिताना यातले एक झाकून दुसरेच सांगणे मला बरे वाटत नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो अवघा दहा दिवस जगला.

त्या काळी गरोदर बाईला पाहणारे कोण असे, याचा आपण थोडा विचार करू. पहिली सुईण. ती हाताशी असे, घरोब्याची असे, बाळंतिणीच्या पाठीवरून हात फिरवी, रात्ररात्र बसे. पण तिचे ज्ञान तोंडोतोंडी आलेले. मूल आडवे आले किंवा रक्त थांबेना, तर तिचा उपाय खुंटे. दुसरा वैद्य. तो नाडी पाही, काढे व पथ्य सांगे. मात्र बाळंतपणाच्या खोलीत त्याचे पाऊल पडत नसे. तिसरा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर. तो पुरुष, बहुधा परका. त्याच्यापुढे आपले दुखणे सांगायचे म्हणजे कुलीन बाईला मरण बरे वाटे. चौथी एखादी मिशनची बाई; तिच्याकडे जावे तर बाटण्याचे भय. म्हणजे ज्याला विद्या होती त्याच्याकडे बाई जाऊ शकत नव्हती, आणि जिच्याकडे ती जाऊ शकत होती तिला विद्या मिळालेली नव्हती. या दोहोंच्या मधल्या फटीत किती बाया आणि किती बाळे गेली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आनंदीबाईंचे बाळ त्याच फटीत गेले. वेळेवर योग्य उपचार मिळते तर ते वाचले असते, हे त्या पोरवयाच्या आईच्या मनाने घेतले. स्त्रियांनी स्त्रियांना तपासले पाहिजे आणि त्यासाठी आपण वैद्यक शिकले पाहिजे, या निश्चयाची मुळे त्या दुःखात होती.

गोपाळरावांची नोकरी फिरतीची. अलिबागहून ते कोल्हापुरास आले. त्या वेळी कोल्हापूरला आगगाडीसुद्धा आलेली नव्हती. ती १८९१ साली आली. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, पुस्तक हाती धरणारी ब्राह्मणाची सून म्हणजे गावाला नवलच होते. कोल्हापुरात असतानाच गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहिले. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरात बरीच वर्षे काम केले होते आणि मग मायदेशी परतून प्रिन्स्टन येथून ते मासिक काढीत. बायकोला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, तिथे माझीही काही सोय होईल काय, असा पत्राचा आशय होता. ख्रिस्ती व्हा, मग पाहू, अशा धर्तीचे उत्तर आले. गोपाळरावांनी ते मानले नाही. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि तिथेच दैवाने हात दिला. न्यू जर्सी प्रांतात रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला तो अंक त्यांनी चाळला. हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीची ओढ त्यांच्या मनात घर करून बसली आणि १८८० साली त्यांनी होऊन पत्र धाडले. पुढे आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले आणि ते नाते मरणापलीकडेही टिकले. कोल्हापुरातून गेलेल्या एका पत्राने हे सारे घडले, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा.

पुढे मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत जोडपे कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला पोचले. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाच तोळामासा झाली होती. डोके दुखे, ताप येई, दम लागे. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. अशा शरीराने ही मुलगी परदेशी जाण्याची तयारी करीत होती. लोक घरासमोर येऊन चेष्टा करीत, नाही नाही ते बोलत. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात त्या उभ्या राहिल्या आणि आपण का जात आहोत हे भर सभेत इंग्रजीतून सांगितले. वय पुरते अठराही नव्हते. हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. इलाख्या-इलाख्यांतून सुईणपणाचे वर्ग निघाले आहेत, पण तिथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे, हेही त्यांनी मांडले. आणि जशी हिंदू जाते तशीच हिंदू परत येईन, असे सर्वांना वचन दिले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून बोट धरली. नवरा बरोबर नव्हता. सोबत मिशनरी बायकांची. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. काही महिने त्यांच्या घरी काढून आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० साली निघाले होते. म्हणजे अमेरिकेतही बायकांना डॉक्टर होण्यासाठी वेगळे दार उघडावे लागले होते, हे आपण ध्यानात घ्यावे. तिथल्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना मायेने जवळ केले आणि शिष्यवृत्तीची सोय करून दिली.

तिथली थंडी भयंकर. खोलीतली शेगडी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर अंग गारठे. जेवण स्वतःचे स्वतः, शाकाहारी. अंगावर आपले लुगडे. पहिल्याच वर्षी घटसर्पाने गाठले. त्यातून वाचल्या, पण शरीर खचले ते खचलेच. पुढे क्षयाने घर केले. तरी अभ्यास सुटला नाही. जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबुली या त्यांच्याच महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी. या तिघींचे १८८५ सालचे एक छायाचित्र आहे, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. मी ते छापील पाहिले आहे. चेहऱ्यावर हसू नाही, पण भीतीही नाही.

पदवीसाठी जो प्रबंध लिहावयाचा, त्याला आनंदीबाईंनी विषय घेतला प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. मला या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. घरचे सारे टाकाऊ आणि पाश्चात्त्यांचे तेवढे खरे, असे त्यांनी मानले नाही. जुने आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तके अशी दोन्ही त्यांनी समोर ठेवली. आपल्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीने महिन्यामहिन्याला काय खावे, कसे वागावे याचे नियम आहेत. बाळंतपणाच्या वेळी जवळ असणाऱ्या बायका अनुभवी असाव्यात आणि त्यांनी नखे कापलेली असावीत, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. तिकडे युरोपात व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवावयास लावून बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांची संख्या एकदम खाली आणली, आणि त्याबद्दल त्यांची हेटाळणी झाली. मग ती नखे कापण्याची आज्ञा आपण कुठे हरवली? ग्रंथ पंडितांच्या कपाटात राहिला आणि सुईण उंबऱ्याबाहेर. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. गरोदरपणात ठराविक दिवसांनी तपासून घेणे ही चाल तेव्हा अमेरिकेत किंवा विलायतेतही रूढ नव्हती. डॉक्टरला बोलावणे जाई ते बहुधा कळा सुरू झाल्यावर किंवा काही बिघडल्यावर. रक्तदाब मोजण्याचे हाताला बांधावयाचे यंत्र इटलीतल्या रिव्हा-रोच्ची यांनी काढले ते १८९६ साली. एडिंबरोला डॉ. बॅलंटाइन यांच्या खटपटीने गरोदर बायकांसाठी दवाखान्यात एक खाट राखून ठेवली गेली ती १९०१ साली. आज आपली नर्सबाई पाच मिनिटांत जे पाहते, ते आनंदीबाईंच्या मोठमोठ्या गुरूंनाही पाहता येत नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. कारण आमच्या आजीच्या वेळी कुठे तपासण्या होत्या, असे आपल्यात अजून म्हटले जाते. नव्हत्या, हे खरे. आणि त्यामुळे काय झाले, हेही त्याच आजीला ठाऊक होते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर डॉक्टर झाल्या. वय एकवीसही पुरे नव्हते. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम विलायतेहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला.

आणि आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. कोल्हापूर दरबारने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले. हे हॉस्पिटल म्हणजेच आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आपल्या गावातल्या कितीतरी सुना तिथे बाळंत झाल्या आहेत. दुष्काळात, साथीत, अपघातात आपण तिथेच धावतो. त्या जागी पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून आनंदीबाई यावयाच्या होत्या. हे एका संस्थानाने योजले होते. ज्या गावातून गोपाळरावांचे पत्र गेले, त्याच गावी पदवी घेऊन परत यावयाचे, असा हा योग होता.

तो योग आला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईस पाय ठेवला, तो क्षयाने पोखरलेल्या देहानिशी. एके काळी नावे ठेवणारे लोक आता स्वागताला आले. पुण्यात माहेरच्या माणसांत त्यांना ठेवले. वैद्यांचे उपचार झाले. पण क्षयाचा जंतू जर्मनीच्या कॉक यांनी शोधला होता तो १८८२ साली, आणि त्याला मारणारे पहिले खात्रीचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळाले १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत रोगाचे नाव कळे, पण उपाय नसे. वैद्य, डॉक्टर, अमेरिका, पुणे, सगळ्यांचे हात सारखेच रिते होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे धाडण्यात आल्या आणि त्यांनी त्या पोकीप्सी येथील आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या.

कोल्हापूरची ती जागा त्यांना कधीच सांभाळता आली नाही. तेव्हा एवढी खटपट वाया गेली की काय, असे कोणीही विचारील. मला तसे वाटत नाही. दोनच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. एका स्त्रीने दुसरीचे चरित्र लिहावे, हेही तेव्हा नवेच होते. डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून १८९५ च्या सुमारास सुरतेस स्त्रियांना तपासू लागल्या. आणि आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या. त्यांनी याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले, आणि १९६१ पर्यंत त्या हयात होत्या. आनंदीबाईंसाठी मांडलेला पाट असा रिकामा राहिला नाही.

आता आपल्या गावाकडे वळते. माझ्या आईची सारी बाळंतपणे घरात सुईणीच्या हातून झाली. त्या सुईणआजीला खण-नारळ आणि पायलीभर जोंधळे देऊन आई पाया पडे. तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तिने कधी रात्र म्हटली नाही की पाऊस म्हटला नाही. परंतु माझ्या आईच्या पाच मुलांतली आम्ही तिघे राहिलो, हेही मी विसरू शकत नाही. माझी बाळंतपणे दवाखान्यात झाली. आज सुनांच्या वेळी तर चार-चार माणसे पाहणारी असतात : दारी येणारी आशाताई, उपकेंद्राची नर्सबाई, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आणि गरज पडली तर शहरातल्या बाळंतपणाच्या तज्ज्ञ. यातल्या कोणाकडे जावे, असा वाद घरात होतो. सासू म्हणते, आशाताई काय डॉक्टर आहे? सून म्हणते, मला फक्त मोठ्या डॉक्टरीणबाईंनाच दाखवायचे. कोणी म्हणते, काढा चालू आहे, आणखी कशाला?

माझे म्हणणे असे की, यांतली कोणी दुसरीच्या जागेवर बसलेली नाही. एकीने दुसरीकडे पोचवावयाचे, ही साखळी आहे. आशाताई पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदविते. नर्सबाई वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी पाहते, धनुर्वाताची सुई देते, लोहाच्या गोळ्या देते. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हाव्यात, असे आपले सरकार सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ वेळा भेट व्हावी असे सुचविले आहे. त्याच वर्षापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आणि वैद्यांचे पथ्य पाळावयाचे असेल तर जरूर पाळा, पण काय घेता ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला आठवा महिना होता. पायाला, तोंडाला सूज आली, डोके दुखू लागले. थोरल्या बायका म्हणाल्या, सूज येतेच, मीठ कमी कर. पण नर्सबाईने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि बसूही दिले नाही. गाडी बोलावून सी.पी.आर.ला धाडले. तिथे तिच्यावर उपचार झाले, मूल थोडे लवकर झाले, पण दोघेही सुखरूप घरी आली. बारशाला आम्ही सगळ्या गेलो होतो. त्या दिवशी एक सुईण किंवा एक मोठी डॉक्टर एकटी पुरी पडली नसती. गल्लीत येणारी नर्सबाई होती म्हणून दुखणे कळले, आणि पुढे मोठा दवाखाना होता म्हणून ते निभावले.

तेव्हा भगिनींनो, या वर्धापनदिनी आपल्या मंडळाने एवढे करावे, अशी माझी विनंती आहे. आपापल्या गल्लीत कोणाला दिवस गेले आहेत, हे आपणांस सर्वांआधी कळते. तिचे नाव तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदले गेले की नाही, हे आपण पाहावे. ९ तारखेला तिच्याबरोबर जाण्यास घरात कोणी नसेल, तर आपल्यापैकी एकीने जावे. तपासणीचे कार्ड तिच्या ट्रंकेत न ठेवता हाताशी ठेवावयास सांगावे. सुजेची, रक्त जाण्याची, डोके दुखण्याची, पोटात बाळ हालत नसल्याची तक्रार तिने केली, तर हे होतेच असे म्हणून तिला गप्प बसवू नये. आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न ठरत असेल, तर चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीची गोष्ट त्या घरी जाऊन सांगावी.

— मंडळाची एक सभासद, गडमुडशिंगी